लांडगा, मेंढरं आणि आपण: माळावरच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

लांडग्यासाठी काम करायचं म्हणून जी तरुण मुलं-मुली माळावर येतात, त्यांच्याकडे दुर्बीण असते, कॅमेरा असतो आणि मनात एकच प्रश्न असतो: लांडगा कुठे दिसेल? मी त्यांना पहिल्या संध्याकाळी मेंढरं मोजायला उभं करतो. खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, परत येते, वाघरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) तोंडातून आत शिरते, धुरळा उडतो, कोकरं आयांना हाका मारतात आणि दोनशेच्या पुढे कुणाचाच आकडा टिकत नाही. शेजारी उभा असलेला मेंढका मोजत नाही. तो नुसता बघतो, म्हणतो, "तांबड्या कानाची मागं राहिली," आणि काठी उचलून ओढ्याकडे चालू लागतो.

हे सगळं काम त्या तांबड्या कानाच्या मेंढीभोवती फिरतं. लांडगा जगवायचा असेल तर ती मेंढी घरी परत आली पाहिजे, आणि नाहीच आली तर तिच्या मालकाला त्या रात्री एकटं वाटता कामा नये.

कामाला लागण्याआधी

पुणे जिल्ह्यातले पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर हे तालुके, सोलापूरजवळचा नान्नजचा माळ, सातारा-अहिल्यानगरचे दुष्काळी पट्टे: आपल्याकडचा लांडगा मुख्यतः इथला. भारतीय लांडगा युरोप-अमेरिकेतल्या लांडग्यापेक्षा लहान आणि सडपातळ, साधारण १८ ते २५ किलोचा. देशात तो अंदाजे तीन हजारांच्या घरात आहे. २०२२ च्या गणनेत वाघांचा अंदाज ३,६८२ होता, म्हणजे लांडगा वाघापेक्षाही कमी. वाघासाठी राखीव जंगलं आहेत. लांडग्यासाठी म्हणून झारखंडमध्ये महुआडांडचं अभयारण्य १९७६ साली झालं, पण बहुतेक लांडगे अभयारण्यांच्या बाहेर, गायरानात, पडीक माळावर आणि शेतांच्या बांधावरच राहतात. चिंकारा, काळवीट, ससा, उंदीर हे त्याचं खाणं. पण जिथे हरणं उरली नाहीत तिथे त्याचं पोट मेंढ्या-शेळ्यांवरच चालतं, आणि ही गोष्ट लपवून कुणाचंच भलं होत नाही.

अमेरिकेत यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे पुन्हा आणून सोडले, तेव्हा आसपासच्या रँचमालकांपुढे मोठा पेच पडला. अनेक दशकं लांडगाच नसल्यामुळे गुरं मोकळी सोडायची सवय लागली होती. मग काही ठिकाणी घोड्यावरून गुरांसोबत फिरणारे राखणदार नेमावे लागले. आपल्याकडे हा राखणदार कधी गेलाच नाही. घोंगडी, काठी, कुत्री आणि रात्रभराची जाग घेऊन तो आजही माळावर आहे. आपल्याला त्याला शिकवायला जायचं नाही, ही एक गोष्ट नव्या माणसाने गाठीशी बांधावी.

पहिली पायरी: वाड्यावर जा, पण लांडग्याचं नाव काढू नका

पहिल्या तीन-चार भेटींत लांडग्याबद्दल काहीही विचारू नका. वनविभागाच्या कपड्यांसारखे खाकी-हिरवे कपडे घालून जाऊ नका. वाडा म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र फिरणारी, एकत्र तळ टाकणारी कुटुंबं, चराईच्या दंडाची भीती कायम मानेवर घेऊन फिरणारी माणसं. तुम्ही नक्की कोण हे त्यांना कळेपर्यंत तुम्हाला खरं उत्तर मिळणार नाही. "पाव्हणं, बसा," म्हणतील, चहा देतील आणि गोड बोलून वाटेला लावतील.

सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, खांड चरायला गेल्यावर, बिऱ्हाडावर जा. तिथे बायका आणि म्हातारी माणसं असतात. तुमची पहिली ओळख त्यांच्याशी व्हायला हवी, कारण आजारी कोकरू सांभाळणं, तळ हलवण्याची आवराआवर, पैशांचा हिशोब हे सगळं त्यांच्याकडे असतं. वयाने मोठ्या बाईला मावशी किंवा आजी म्हणा, मोठ्या पुरुषाला मामा किंवा तात्या. गप्पा रोगावरून सुरू होतात, पावसावरून होतात, शेतात मेंढरं बसवायला कोण किती धान्य किंवा पैसे देतो यावरून होतात. लांडगा आपोआप येतो. कुणीतरी सांगतं, "परवा त्या लवणात दोन दिसली." तेव्हाही वही काढू नका. रात्री घरी जाऊन लिहा.

ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात येईल: मेंढरं आंत्रविषार, पीपीआर, लाळ्या-खुरकूत अशा रोगांनी, रस्त्यावरच्या गाड्यांखाली आणि चोरीतही जातात. लांडग्याने नेलेली मेंढी मात्र वर्षानुवर्षं आठवते, कारण ती डोळ्यांसमोर जाते. म्हणून लांडग्यासाठी तुम्ही करू शकाल असं पहिलं काम बहुधा मेंढरांच्या लसीकरणाचं असेल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, वाडा कुठे आहे ते सांगा, लस टोचायला माणसं तळापर्यंत आणा. ज्या वर्षी रोगाने खांड आटत नाही त्या वर्षी लांडग्याने नेलेलं एखादं कोकरू धनगर सोसतो. पुष्कळ म्हातारे तर म्हणतात की त्याचा वाटा त्याला द्यावाच लागतो. पण वाटा देणं त्यांना परवडायला हवं.

दुसरी पायरी: खांडेमागे एक दिवस चाला

पूर्ण दिवस, सकाळपासून वाघर लागेपर्यंत. पाणी सोबत घ्या आणि बोलणं कमी ठेवा.

खांड एका रेषेत चालत नाही, पसरते. पुढचा मेंढका दिशा धरतो, मागचा रेंगाळणाऱ्या मेंढ्या हाकतो. लांडगा बहुतेक वेळा मागच्या बाजूलाच असतो. ओढ्याच्या काठाला, उभ्या ज्वारीत किंवा उसात, वेड्या बाभळीच्या दाटीत तो दबून राहतो आणि लंगडी, गाभण किंवा नुकतीच व्यालेली मेंढी वेगळी पडायची वाट बघतो. तुम्ही मागच्या मेंढक्यासोबत चाला. कुठल्या वळणावर त्याचा आवाज वाढतो, कुठे तो दगड भिरकावतो, कुठे कुत्र्याला हाक मारतो हे नीट बघा. तीच जोखमीची जागा. संध्याकाळी गावाच्या साध्या नकाशावर त्या जागांवर खुणा करा. असे चार-पाच दिवस झाले की कुठल्याही कॅमेरा-ट्रॅपपेक्षा चांगला नकाशा तुमच्या हातात येतो.

कमी माणसांचे वाडे आता पुष्कळ आहेत. पोरं शाळेला किंवा कंपनीत जातात आणि दोनशे मेंढरांमागे एकच म्हातारा उरतो. अशा वाड्याचं नुकसान जास्त होतं. तिथे उपाय एकच, माणूस. दोन वाड्यांनी खांड एकत्र चारायची का, हे त्यांना विचारून बघा. भाऊबंदकी आडवी आली नाही तर जमतं.

तिसरी पायरी: रात्रीची राखण

वाघर म्हणजे दोरीची जाळी, खुंट्यांवर ताणून केलेलं कुंपण. तिच्याकडे बघून वाटतं की लांडगा सहज उडी मारेल. मारूही शकतो. पण बरीच नुकसानं वेगळ्या तऱ्हेने होतात. लांडगा एका बाजूला येऊन उभा राहतो, मेंढरं बुजतात, सगळी मिळून समोरच्या बाजूवर लोटतात, वाघर पडते आणि अंधारात खांड चौफेर उधळते. मग त्याला कुंपण ओलांडायची गरजच राहत नाही. म्हणून खुंट्या पक्क्या आहेत का आणि जाळी कुठे सैल पडली आहे का हे उजेड असतानाच बघा. जुनी वाघर फाटली असेल आणि तुमच्याकडे मदतीचे पैसे असतील, तर बॅटरी-दिव्यांच्या आधी वाघर घेऊन द्या. कुठली जाळी हवी हे मात्र त्यांनाच निवडू द्या. मी पाहिलेल्या एका तळावर बाहेरून आलेली तारेची भारी जाळी नुसती पडून होती. ती घोडीवर लादता येत नव्हती आणि वाडा तर दर दोन दिवसांनी हलत होता.

तळाची जागा निवडताना ओढा, ऊस आणि दाट झाडोरा यांपासून जमेल तेवढं लांब राहायला सांगा. ज्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, तो शेतकरी बहुधा शेताचा कोपरा दाखवतो. त्याच्याशी बोलून मधली जागा मिळवता येते, आणि हे बोलणं तुम्ही केलंत तर वाड्याला सोपं जातं. कोकरं वेगळ्या जाळीत, बिऱ्हाडाच्या अगदी जवळ. कुत्री दोन बाजूंना. माणसं एकाच ठिकाणी न झोपता वाघरीच्या कोपऱ्यांना. हे सगळं त्यांना ठाऊकच असतं. माणूस कमी पडतो तिथे काय सोडायचं एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचा विचार तुम्ही सोबत बसून करायचा.

दिवे, झेंडे आणि आवाज यांबद्दल स्पष्ट सांगतो. आपोआप उघडझाप करणारे सौर दिवे कामाला येतात. रानडुकरांसाठी शेतकरी जुन्या साड्या लावतात, तशा वाघरीच्या बाहेर दोरीला बांधलेल्या चिंध्याही काही दिवस लांडग्याला थबकवतात. पण काही दिवसच. लांडगा हुशार आहे, रोज तेच दिसलं की त्याची भीड चेपते. आज दिवे, चार दिवसांनी चिंध्या, नंतर दोन्ही बंद, असं बदलत राहा आणि व्यायच्या हंगामासाठी एखादा उपाय मुद्दाम राखून ठेवा.

वर्षाचं चक्रही मनात असू द्या. लांडग्याची पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत होतात. दसरा-दिवाळीनंतर बरेच वाडे कोकणाकडे किंवा बागायती पट्ट्यांकडे निघालेले असतात आणि पावसाच्या तोंडावर माळावर परततात. तोवर पिल्लं अर्धी वाढलेली, भूक मोठी आणि शिकार अजून शिकत असलेली. परतीच्या त्या पहिल्या महिन्यात तुम्ही वाड्यावर असायला हवं.

चौथी पायरी: मेंढरू गेलंच तर

पहाटे फोन येतो. कुठल्याही कामात असा, जा. दुपारी गेलात तर जाण्याला अर्थ उरत नाही.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका वाड्यावरून निरोप आला, मी पोचलो तेव्हा आठ वाजले होते. मेलेली मेंढी वाघरीपासून पन्नास पावलांवर पडली होती, शेजारी म्हातारी बसून होती, काही बोलत नव्हती. आम्ही सगळ्यांनी मिळून खड्डा काढला आणि मेंढी पुरली. वनरक्षक आले दुपारी. बघायला काहीच उरलं नव्हतं, पंचनामा झाला नाही आणि भरपाईही नाही. त्या मेंढीला हात लावायचा नसतो, हे मला माहीत असायला हवं होतं. तुम्ही ती चूक करू नका.

लांडग्याने पाळीव जनावर मारलं तर महाराष्ट्रात शासनाची भरपाई मिळते. त्यासाठी घटनेनंतर ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवावं लागतं. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइनही आहे. तपासणी होईपर्यंत मेंढी जागची हलवायची नाही. कावळे-कुत्री येऊ नयेत म्हणून ताडपत्री टाका, कडेला दगड ठेवा. पायांचे ठसे दिसले तर त्यांवर घमेलं पालथं घाला. फोटो काढा: आधी दुरून, आसपासची जागा दिसेल असा, मग जखमांचा, मग ठशांचा, शेजारी काडेपेटी ठेवून.

जखमा वाचायला शिका. लांडगा गळ्याला किंवा मागच्या मांडीला धरतो, पोटाकडून आणि मागून खायला लागतो, जमलं तर ओढून नेतो. बिबट्या मानेला-गळ्याला धरतो, सुळ्यांची खोल भोकं दिसतात, आणि त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. गावच्या मोकाट कुत्र्यांनी हल्ला केला असेल तर एकाच वेळी बरीच मेंढरं फाटलेली, जागोजागी चावलेली आणि खाल्लेलं अगदी थोडं, असं दिसतं. लांडगा आणि कुत्रा यांचा ठसा एकट्याने ओळखणं अवघड आहे. लांडग्याचा ठसा लांबट असतो आणि माग सरळ रेषेत जातो, कुत्र्याचा इकडेतिकडे भटकतो. म्हणून एकाच ठशावर न थांबता माग धरून थोडं चाला.

कुत्र्यांनी मारलं असेल तर कुत्र्यांनीच मारलं असं सांगा, भरपाई बुडणार असली तरी. वाड्यासमोर हे बोलायला जड जातं. पण एकदा लांडग्याच्या नावावर खोटं लिहिलं की पुढच्या खऱ्या पंचनाम्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पंचनाम्याच्या वेळी वनरक्षक किंवा वनपाल येतात, पशुवैद्यकीय तपासणी होते, गावातले पंच सही करतात. आधार कार्डाची आणि बँक पासबुकाची प्रत लागते. बाजारभावाच्या किती टक्के आणि जास्तीत जास्त किती रक्कम मिळते हे शासन निर्णयाने ठरतं आणि तो बदलत असतो, म्हणून चालू शासन निर्णयाची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयातून मागून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय निघू नका. फिरत्या वाड्याची खरी अडचण यापुढे येते. मेंढी मरते एका जिल्ह्यात, बँक खातं दुसऱ्या जिल्ह्यात, आणि कागद पुढे सरकेपर्यंत वाडा तिसऱ्या जिल्ह्यात. भिजत घोंगडं तसंच राहतं. इथे तुमचा खरा उपयोग आहे. दर महिन्याला एकदा कार्यालयात जाऊन विचारा आणि आलेलं उत्तर वाड्यावर फोन करून सांगा, उत्तर "अजून नाही" असलं तरीही.

आणि माणसाला चावा बसला तर भरपाई, पंचनामा सगळं बाजूला. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. दिवसाढवळ्या वस्तीत शिरून दिसेल त्याच्यावर धावून जाणारा लांडगा पिसाळलेला असू शकतो. रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन यांत एक दिवसही घालवायचा नाही.

पाचवी पायरी: विष आणि घळ

रागाच्या भरात कुणी मेलेल्या मेंढीवर कीटकनाशक टाकतं. एका मढ्याने लांडग्यासोबत तरस, खोकड, घारी आणि वाड्याची स्वतःची कुत्रीही मरतात. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारलं तर किमान ३ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. हे लोकांना माहीत असावं, पण सुरुवात कायद्याने करू नका. कायद्याची भाषा ऐकली की लोक बोलायचे थांबतात आणि विष गुपचूप पडतं. ज्याची मेंढी गेली त्याच्याकडे त्याच दिवशी जाऊन बसणं हाच विषावरचा उतारा आहे. मला दुसरा सापडलेला नाही.

हिवाळ्यात ओढ्याच्या दरडीत, दगडांच्या कपारीत किंवा साळिंदराच्या जुन्या बिळात मादी पिल्लं घालते. पिल्लांची ती घळ कुठे आहे हे मेंढक्यांना माहीत असतं. तुम्हाला दाखवली तर तो मोठा विश्वास आहे, तो सांभाळा. पुन्हा तिथे जाऊ नका. फोटो टाकू नका, फोनमधलं ठिकाण बंद ठेवा, जवळच्या मित्रालाही सांगू नका. घळीजवळ माणसांचा वावर वाढला की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या धावपळीत पिल्लं दगावतात. गाड्या घेऊन माळावर लांडग्यामागे धावणारे छायाचित्रकार दिसले तर गाडीचा नंबर टिपून वनरक्षकाला कळवा. ओळखीचे असले तरी.

लडाखमध्ये लांडगे पकडण्यासाठी दगडांचे खोल खड्डे बांधलेले असत. काही गावांनी संवर्धनाचं काम करणाऱ्यांशी बोलून ते खड्डे निकामी केले आणि शेजारी स्तूप उभारले. खड्डे मोडून टाकले नाहीत, कारण ते पूर्वजांच्या कष्टाचे होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

कुत्री

मोकाट कुत्र्यांकडून लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपर होतो. पुण्याच्या माळरानावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. गावाबाहेर टाकलेली मेलेली कोंबडी, खाटकाचा कचरा यांवर कुत्री आणि लांडगे एकत्र येतात. म्हणून वाड्याच्या कुत्र्यांना दरवर्षी लस, गावच्या कुत्र्यांची नसबंदी, आणि पोल्ट्रीवाल्यांना कचरा खोल पुरायला लावणं. हे काम कुणाला दिसत नाही, त्याचे फोटो निघत नाहीत. करा.

शेवटची पायरी: गवत

कुसळी, पवन्या, मारवेल उगवणारा माळ सरकारी कागदावर पडीक दिसतो. मग त्यावर चर खोदले जातात, गिरिपुष्पाची रोपं लागतात, प्लॉट पडतात. चराई बंद झाली की वाडा त्या वाटेने येणं सोडतो. मेंढरं गेली, हरणं तर आधीच गेलेली, आणि लांडग्याला उरतात फक्त गावातल्या शेळ्या. तिथून पुढचा संघर्ष फार वाईट असतो.

यासाठी म्हाताऱ्या मेंढक्यांसोबत बसून चराईचा नकाशा करा: कुठल्या महिन्यात कुठला माळ, पाणी कुठे, रात्रीचा तळ कुठे, वाट कुठून. त्यावर घळ दाखवू नका. पावसाळी लागवडीचे आराखडे ठरायच्या आधी, उन्हाळ्यातच, तो ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि वाचणारा माणूस वाड्यावरचाच असू द्या. तीन प्रती काढा. एक ग्रामपंचायतीत, एक वनपरिक्षेत्र कार्यालयात पोच घेऊन, आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बिऱ्हाडावरच्या पत्र्याच्या पेटीत.